भलत्याच नवरीमागे उभा राहिलेला मामा

उचगाव,
२४ मे २००६

तीर्थस्वरूप शांताअक्कास,

धाकट्या भरमाप्पाचा खाली मान घालून शरणार्थ नमस्कार. (मान खालीच आहे, म्हणून अक्षर असं आलंय.)

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक, म्हणजे चिमणाबाई घरात असून नवऱ्याशी बोलत नाही एवढं सोडलं तर. दानूच्या लग्नाला पंधरा दिवस झाले आणि तू माझा फोन उचलत नाहीस. नकोच उचलू. त्या दिवशी मी तरी कुठे उचलला? म्हणून हे पत्र.

सख्ख्या भाचीच्या लग्नात मामा कुठे होता, हे तुला लोकांनी तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. खरं त्याहून वाईट आहे. सुरुवात मोबाईलपासून झाली. दुकानदारानं विचारलं, ही सेवा देऊ का, ती देऊ का, आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही (हा अप्पांचा गुण, तुझ्यात उतरला नाही). मग राशिभविष्य, क्रिकेट, गुळाचे भाव आणि सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव, अशी दिवसभर टुणटुण सुरू. वर आपला चुलतभाऊ वीरेश रोज 'ओम नमः शिवाय, अकरा जणांना पाठवा' म्हणून पाठवतो ते वेगळंच. माझ्या मोबाईलात शंभर मेसेज मावतात. भविष्य, क्रिकेट मी पुसून टाकायचो. पण देवाचं नाव अंगठ्यानं पुसायला जीव होईना. लग्नपत्रिकेवरचा नंदी आपण कचऱ्यात टाकत नाही, पाण्यात सोडतो. मोबाईल पाण्यात कसा सोडायचा? (चिमणाबाईची त्याला तयारी होती.) म्हणून पद्धत ठरवली: मेसेज आधी वहीत उतरवायचा, मग हात धुऊन पुसायचा. यायचे दिवसाला वीस, उतरायचे आठ. शंभर भरले की नवा मेसेज बाहेरच ताटकळतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि टुणटुणीला घरचे वैतागले म्हणून आवाज तर आधीच बंद केलेला.

लग्नाच्या सकाळी मी मेसेजच वहीत उतरवत बसलो. रिकामा, स्वच्छ मोबाईल घेऊन लग्नाला जावं, असं मनात आलं. चिमणाबाई दोन दिवस आधीच तुझ्याकडे आलेली, त्यामुळे मागे लागणारं कुणी नव्हतं. घड्याळ पाहिलं तर अक्षतेला तासच उरलेला. पुसायचं तसंच ठेवलं, मोबाईल मोटारसायकलच्या डिकीत टाकला आणि मुरगूडचं मंगल कार्यालय गाठलं. कार्यालयवाल्यानं एकाच मुहूर्तावर दोन लग्नं घेतली आणि तुम्ही सगळे सकाळीच बिद्रीला हललात, हे मला कुठून कळणार? (तुम्ही कळवलं होतंत. माहीत आहे.) दारातला फलक वाचायला सवड नव्हती. "मुलीचा मामा" म्हणालो मात्र, "मामा आलं, मामा आलं! फेटा बांधा की पावण्यास्नी!" असा गलका झाला. फेटा बांधून घेतला आणि नवरीच्या मागे जाऊन उभा राहिलो. शेजारी आणखी एक फेटेवाला होता. म्हटलं, दाजींच्याकडचा कुणी असेल. मागून, अक्का, सगळ्या नवऱ्या सारख्याच दिसतात गं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, माझे डोळे भरून आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "दानू, सुखात ऱ्हा बाई."

तिनं वळून पाहिलं. शेजारचा फेटेवाला म्हणाला, "पावणं, तुमी कोन? मामा तर मी हाय की!"

त्याचं नाव आकाराम. त्यानं मला मारलं नाही. "आलाईसा तर जेवून जावा," म्हणाला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्ही बिद्रीला आहात हे कळेपर्यंत दुपार उलटली, तरी मी तसाच तिकडे आलो होतो, अक्का. हे कुणालाच ठाऊक नाही. फाटकातून पाहिलं तर पोरं खुर्च्या एकावर एक रचत होती, दानू सासरी निघून गेलेली. डोक्यावर दुसऱ्याच्या लग्नाचा फेटा. कोणत्या तोंडानं आत येणार? तिथूनच परत फिरलो. जिला खांद्यावर बसवून मी अख्खी जत्रा दाखवली, तिच्या अक्षतेला तिच्यामागची माझी जागा मोकळी राहिली, याची लाज मला जन्मभर पुरेल.

आता सगळ्या सेवा बंद केल्या आहेत. दाजींना नमस्कार सांग. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण चालणार नाही.

तुझा,
भरमू

ता. क. फेटा धुऊन आकारामला परत करून आलो. त्यानं लग्नाचे फोटो दाखवले. सगळ्यांत मी आहे. आणि रडतोय.

ता. क. क्रिकेटची सेवा तेवढी ठेवली आहे.

ता. क. लग्नानंतर चार दिवसांनी चिमणाबाईनं देवाला हात जोडले आणि एका झटक्यात सगळे मेसेज पुसले. तेव्हा बाहेर ताटकळलेले आत आले. त्यात एक दानूचा, अक्षतेच्या वेळेचा. 'मामा, कुठं हायस? तू आल्याबिगर मी उभी ऱ्हाणार न्हाय.' ती पाऊण तास हटून बसली होती, हे चिमणाबाईनं मला तेव्हा सांगितलं. त्यानंतर ती बोललेली नाही. आता मोबाईलात तेवढा एकच मेसेज आहे. त्याला उत्तर द्यायला मला धीर होत नाही. दानू माहेरी येईल तेव्हा मी आलो तर तिला चालेल का, एवढं विचारून मला कळव. आवाज चालू ठेवला आहे.