रानडुकरांना सतराचा पाढा

मु. बोडीटोला, ता. आरमोरी
भाऊबीजेचा दुसरा दिवस

चि. पुनम हिच्या पायांवर मामा देवरावचा नमस्कार.

(मामानं भाचीच्या पाया पडावं ही आपल्या झाडीपट्टीतली रीत. रीत आहे म्हणून पडलो. उठल्यावर जे बोलणार आहे ते रीतीत बसत नाही.)

इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझ्या मामीचा गुडघा पायऱ्या चढताना दुखतो आणि उतरताना माझ्यावर चिडतो, बाकी ठीक. तू पुण्यात वेळेवर जेवतेस ना? दिवसभर संगणकासमोर बसून मान दुखत असेल तर मामी मोहाचं तेल पाठवते म्हणाली. ते लावल्यावर मान जागेवर राहते, शेजारी राहत नाहीत. आजच्या काळात पत्र काय लिहिता, व्हॉइस मेसेज पाठवा, असं तू म्हणशील. बाई, माझा आवाज तुझ्या हाती लागला की त्याचं काय होतं ते साऱ्या जगानं पाहिलं आहे. म्हणून हे पत्र. यातून आवाज काढता येत असेल तर काढून दाखव.

तुला आठवण करून देतो. २००६ साली वरून हुकूम आला, की जिल्ह्यातल्या मुलांसाठी गणिताची सीडी करायची. वरून म्हणजे किती वरून ते आम्हाला कधी कळलं नाही. हुकूम पावसासारखा पडतो, ढग कोणाचा ते विचारायचं नसतं. अख्ख्या तालुक्यात खणखणीत आवाज माझा, म्हणून गडचिरोलीतल्या एका खोलीत भिंतींना गाद्या टेकवून, पंखा बंद करून, भर मे महिन्यात मला दोन ते तीसचे पाढे म्हणायला लावले. सीडीचं नाव 'गणितगोडी'. तिच्यात एक गुरुजी होते. चित्र काढणाऱ्यानं धोतर काढलं, टोपी काढली, मिशा तर सढळ हातानं काढल्या, फक्त मान काढायची विसरला. उत्तर बरोबर आलं की हे गुरुजी माझ्या आवाजात 'शाब्बास, बाळा!' म्हणायचे. चुकलं की एकदा डोळे मिटून 'चूक! पुन्हा विचार कर!' म्हणायचे आणि बरोबर उत्तर सांगायचे. बस्स. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला छडी मारली नाही (हात खिशातच काढले होते). अशा निरुपद्रवी माणसाचं तू भूत केलंस.

तुझा तो 'शाब्बास बाळा' नावाचा खेळ मी पाहिला. पाहिला म्हणजे केंद्रप्रमुखांनी त्यांच्या फोनवर दाखवला, चहा पाजून दाखवला, म्हणजे बातमी वाईट आहे हे कळलंच होतं. अंधारलेली शाळा, सात खोल्या, प्रत्येक खोलीत एक पाटी, पाटीवर गणित. चुकलं की तो बिनमानेचा गुरुजी खडूचा डबा खुळखुळवत मागे लागतो. शेवटच्या पाटीवर 'सतरा नव्वे किती?' तिथे माणूस एकशे त्रेपन्न लिहितो, दिवे जातात आणि मी कानात ओरडतो, 'चूक! सतरा नव्वे चोपन्नासे!' (म्हणजे पाढ्याच्या बोलीत एकशे चोपन्न.) ब्राझीलमधला कोणी दाढीवाला हे ऐकून खुर्चीसकट मागे पडतो आणि जमिनीवरून 'चूक! चूक!' ओरडतो, तेही चार लाख लोकांनी पाहिलं आहे. खाली एकानं लिहिलं आहे की, जिथे खरं उत्तर दिलं की माणूस मरतो अशी शाळा कल्पिणारा कलावंत थोर असला पाहिजे. कलावंत! तीस वर्षं शिकवतो आहे, इतके लोक एका वेळी मला कधी घाबरले नाहीत, आणि ज्यांनी घाबरावं ते माझ्या वर्गात डबा खातात.

आता याचा त्रास इथे काय झाला तो ऐक. लटारूची चंचल तुला माहीत आहे, आता सातवीत आहे. पोळा झाल्यावर आमच्या केंद्राची पाढे स्पर्धा झाली. अकरा वर्षं परीक्षक मीच (दुसऱ्या कोणाला तीसपर्यंत येत नाहीत, आणि ज्याला येतात तो सांगत नाही). पहिला येईल त्यानं सव्वीस जानेवारीला आरमोरीत, झेंड्यासमोर, माईकवर पाढे म्हणायचे. त्या माईकसाठी चंचलनं अख्खा पावसाळा विहिरीत तोंड घालून सराव केला होता, आवाज घुमतो कसा ते कळावं म्हणून. पोरीनं एकोणतीस पाढे धडाधड म्हटले. फक्त सतरा नव्वेला त्रेपन्नासे म्हणाली. सीडीत चोपन्नासे आहे. मी अर्धा गुण कापला. पहिला आला तो पलीकडच्या गावचा मुलगा. तो बरोबर चोपन्नासे म्हणाला (त्याच्या मास्तरला लहानपणी मीच शिकवलं आहे).

चंचल स्टेजवरून उतरेचना. सगळ्यांदेखत म्हणाली, "सर, सतरा दाहे सत्तरासे. त्यातून सतरा काढून पाहा ना."

मी म्हटलं, पाढ्यातून काही काढायचं नसतं, पाढा म्हणायचा असतो. टाळ्या पडल्या. मास्तरच्या वाक्याला टाळ्या पडल्या की मास्तरनं घाबरावं, पण ते मला त्या दिवशी सुचलं नाही.

मग दसऱ्याच्या सुमारास तुझा खेळ गावात आला. चंचलनं त्यात एकशे त्रेपन्न लिहिलं, मेली. पुन्हा लिहिलं, पुन्हा मेली. नऊ वेळा मरून दहाव्यांदा एकशे चोपन्न लिहिलं तर गुरुजी 'शाब्बास, बाळा!' म्हणाले. दुसऱ्या दिवशी हजेरी चालू असताना ही उभी. "सर, तुमी जित्तेपनी माहे गुण कापले ते कापले, तुमचं भूतबी कापून राह्यलं?" वर्ग इतका हसला की शेजारच्या अंगणवाडीतली पोरं काही न कळता हसली.

पण खरी आपत्ती तिच्या बापानं आणली. लटारू माझ्या पहिल्या तुकडीचा विद्यार्थी. धान लोंबीवर आलं की रानडुकरं येतात, आणि त्यांना हाकलायला सगळे बाजारातून बॅटरीचा भोंगा आणून बांधावर टांगतात. कोणी त्यात कुत्र्याचं भुंकणं भरतो, कोणी वाघाची डरकाळी. लटारूच्या भोंग्यातला वाघ डुकरांनी ओळखून ठेवला होता, त्याच्या खाली बसून खात. एके दिवशी पोरीच्या फोनमधून माझं 'चूक!' ऐकू आलं आणि त्याच्या हातातला चहा सांडला. त्यानं तोच आवाज फोनमध्ये घेतला, फोन भोंग्याला जोडला. त्या संध्याकाळी डुकरांनी जी धूम ठोकली ती थेट गाढवी नदीपर्यंत. मी जाब विचारायला गेलो तर मलाच समजावू लागला. "सर, तुमी नाराज नोका होऊ. मी चाळीस वर्साचा मानूस, चूक म्हनलं तं अजूनबी हात आपोआप पुढं जाते. मंग डुकराची काय बिशाद?"

आता अकरा शेतांत मी आहे. दिवस कलला की चहूबाजूंनी माझा मीच सुरू होतो. 'चूक! सतरा नव्वे चोपन्नासे! पुन्हा विचार कर!' मामी म्हणते, "काऊन जी, आधी आवाज घरी यायचा न् मागून तुमी. आता नुस्ता आवाजच येते, तेबी बरं आहे, जेवाले मागत नाई." केंद्रप्रमुख संध्याकाळी मोटरसायकलवरून जात असताना त्यांनी हे ऐकलं, गाडी थांबवली, हेल्मेट काढून पूर्ण ऐकलं, आणि शाळेच्या भेटवहीत शेरा मारला: 'शाळाबाह्य वेळेतही शिवारात अध्यापन सुरू. स्तुत्य उपक्रम. लाभार्थी संख्या कळवावी.' लाभार्थी डुकरं आहेत हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

फक्त हत्तींवर हा उपाय चालला नाही. मागच्या पंधरवड्यात कळप आला, भोंग्यासमोर उभा राहिला, कान हलवत तीनदा चोपन्नासे ऐकलं आणि शांतपणे धानात शिरला. हत्तीची स्मरणशक्ती दांडगी म्हणतात. पुनम, खरं सांगतो, चंचल बोलली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. हत्ती हलले नाहीत तेव्हा पहिल्यांदा वाटलं, यांना खरं उत्तर माहीत असावं.

म्हणूनच तुला त्या दिवशी फोन करून ओरडलो, की मुद्दाम चूक घालून मामाची बदनामी करतेस का. तू म्हणालीस, "मामा, मी एक अक्षर बदललं नाही. भूतसुद्धा जुनंच आहे." आणि फोन ठेवलास. मग मला ती उन्हाळ्याची सुट्टी आठवली. शाळेचं छप्पर गळतं म्हणून संगणक आपल्या घरी आणून ठेवला होता, तू सात वर्षांची, आणि याच सतरा नव्वेपाशी पडद्यासमोर रडत बसली होतीस. मी बाजेवर पडल्यापडल्या म्हणालो होतो, सीडी चुकत नसते, माणूस चुकतो.

फोन ठेवल्यावर मी शाळेत गेलो. दार लावलं. कपाटाच्या मागे बसून चिंचोके मांडले, सतरांची एक रांग, अशा नऊ रांगा. मोजले. एकशे त्रेपन्न. पुन्हा मोजले. एकशे त्रेपन्न. तिसऱ्यांदा एकशे बावन्न आले तेव्हा जरा आशा वाटली, पण एक चिंचोका कपाटाखाली गेला होता.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की तो खेळ ताबडतोब बंद कर. सीडी मी चुलीत घातली (मामीनं विचारलं, कशाचा वास येते जी, म्हटलं, जुनं रेकॉर्ड). खेळ गेला की पुरावा गेला. स्पर्धेची नावं तीस तारखेला आरमोरीला जातील, सव्वीस जानेवारी होऊन जाईल, भोंग्यात पुन्हा वाघ येईल. मी चार वर्षांत सेवानिवृत्त होईन, शाल-नारळ घेईन, लोक म्हणतील, आवाज काय होता माणसाचा! चंचल बारा वर्षांची पोर, विसरेल. तूही विसरलीच असशील.

ताईला नमस्कार सांग. यातलं काही सांगू नकोस.

तुझा मामा,
देवराव

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी मामीनं पत्र वाचलं. (मी लपवून ठेवलं होतं, म्हणून तिला लगेच सापडलं.) म्हणाली, "पोरगी विसरन म्हन्ता? पुनमले वीस वर्सं झाले, ते इसरली का? तिनं तं त्या रडन्याचा कारखाना काढला." एवढं बोलून आत गेली आणि तेव्हापासून भांडी जरा जोरात घासते आहे. तेव्हा वरचं सगळं रद्द समज. खेळ बंद करू नकोस. अकरा घरांचं धान त्यावर उभं आहे. फक्त शेवटच्या पाटीवर कोणी एकशे त्रेपन्न लिहिलं, तर त्या गुरुजीला थांबव. खडूचा डबा खाली ठेवायला लाव. आणि त्याला मान काढून दे, बाई. इतकी वर्षं नव्हती ते चाललं, पण खाली घालायची म्हणजे आधी असावी लागते.

आणखी ता. क. केंद्रप्रमुखांना अर्ज लिहिला. पहिल्या मसुद्यात होतं, 'गुणदानाच्या प्रक्रियेत अनवधानाने किंचित तफावत संभवत असल्याचे निदर्शनास आले आहे.' मामीनं वाचून विचारलं, "हे कोनी केलं मंग? तफावतीनं?" दुसऱ्या मसुद्यात सीडी चुकली होती. तिसरा दीड ओळीचा आहे: 'सतरा नव्वे एकशे त्रेपन्न. मी चुकलो. चंचल पहिली आहे.' तो घेऊन मामी स्वतः बसनं आरमोरीला गेली. पोस्टानं जाऊ देत नाही म्हणाली, वाटेत चौथा मसुदा होईल.

शेवटचं ता. क. गुरुजीनं डबा ठेवल्यावर काय म्हणायचं ते पाठवतो आहे. होय, व्हॉइस मेसेज. माझ्या फोनमध्ये जागा नाही (सुप्रभातांनी भरला आहे), म्हणून लटारूचा फोन मागून घेतला आणि कपाटाच्या मागे बसून रेकॉर्ड केलं. चौदा वेळा करावं लागलं. 'माझं' चांगलं खणखणीत निघतं, 'चुकलं' घशात राहतं. पंधराव्यांदा निघालं. फोन परत दिला, तुला पाठवायला सांगितलं आणि घरी येऊन बाजेवर पडलो. पण हा पडला लटारू. त्यानं तुला पाठवलं की नाही देव जाणे, पण फोन रोजच्यासारखा भोंग्याला जोडला, आणि त्याचा भोंगा सगळ्यात शेवटी भरलेलं वाजवतो. गायी घरी यायची वेळ, सगळं गाव रस्त्यावर, आणि बांधावरून मी, दर पाच मिनिटांनी, पूर्ण आवाजात: 'चंचल, माझं चुकलं. सतरा नव्वे त्रेपन्नासे.' माणसं थांबली. गायी थांबल्या. डुकरं आली की नाही ते लटारूनं पाहिलंच नाही, तो पोट धरून शेताच्या धुऱ्यावर बसला होता. मी पळत अंगणात आलो तेव्हा चौथ्यांदा वाजून संपत होतं. आणि मग विहिरीकडून, पावसाळाभर तयार केलेला, चांगला घुमवलेला आवाज आला: "शाब्बास, बाळा!"