हरिओमची झोप

प्रिय सुकन्या,

हरिओम बरा आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट बसून वाचशील. आत्ता माझ्या मांडीवर आहे आणि हा कागद ओढायला बघतोय. फोनवर सगळं सांगता आलं नाही. फोन तुझ्या नवऱ्याच्या, अभिमन्यूच्या खिशात, आणि कुणी बोलायला लागलं की ऊसतोडीची निम्मी टोळी कान देऊन बसते. म्हणून बंकटमामा कारखान्याकडं निघालेत, त्यांच्या हाती हे देतेय. खोपीत एकटी असशील तेव्हाच वाच.

तुझ्या दिरानं, परमेश्वरनं, लेकरू आणून दिलं तेव्हा नाक गळत होतं, छातीत घरघर होती. सोबत सर्दीच्या औषधाची बाटली आणि तुझा निरोप, सकाळी एक टोपण. मुकादमाच्या बायकोनं, वनमालाबाईनं, दुकानातून एकदमच आणलेल्या बाटल्यांतली ती एक, असं तो म्हणाला. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. मीही विचारलं नाही. आपण सगळ्या तशाच की गं. सर्दीचं काहीतरी द्या म्हणायचं, आणि दुकानदार देईल ते म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांना पाजायचं.

आमच्या सासूबाईंना, भामाबाईंना, बाटली अजिबात पटेना. त्यांनी मधात सितोपलादी कालवली आणि निखाऱ्यावर कापूर टाकून धुरी द्यायला निघाल्या. आमची चांगलीच जुंपली. शेवटी मी बाटलीच दिली. दहावी शिकलेली ना मी!

औषध पोटात गेलं आणि लेकरू गाढ झोपलं. मला लई बरं वाटलं. धुणं उरकलं, भाकरी झाल्या. दुपार कलली तरी उठेना. हलवलं, तोंडावर पाणी मारलं, तर डोळे अर्धवट उघडायचा आणि मान टाकायचा. श्वास इतका हळू चालला होता की मी त्याच्या नाकापाशी बोट धरून बसले. तुझ्या दाजींनी गाडी काढली. वडवणी मागं पडली तशी मी त्याच्या तळपायाला चिमटे काढायला लागले, ते पार बीड येईपर्यंत. रडला की माझ्या जिवात जीव यायचा. त्या रस्त्यावर मी तुला काय काय शिव्या दिल्या, ते लिहीत नाही.

दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या. बाटली वाचून त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, ह्यात झोप आणणारं औषध आहे, इतक्या लहान लेकराला ते द्यायचंच नसतं. नाक चोंदलेलं, छाती दमलेली, त्यात हे. रात्रभर ठेवून घेतलं. निघताना समजावून सांगितलं की साधी सर्दी आपली आपण जाते. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकायचे, ते दुकानात मिळतात. आईचं दूध पाजत राहायचं. श्वास भरभर चालला, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या किंवा लेकरू प्यायचं थांबलं, तर घरी थांबायचं नाही. सासूबाईंचाही नंबर लागला. वर्षाच्या आत मध नाही, कापूर नाही, धूर तर नाहीच. हे ऐकून त्या माझ्याशी बोलेनात. आता तेच सगळ्या गल्लीला सांगत फिरतात, जसं काही त्यांनीच शोधून काढलं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, हे कधीपासून देताय? मी म्हटलं, आजच पहिल्यांदा. पण बोलतानाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या सकाळी बाटली बघून हरिओमनं आपणहून तोंड उघडलं होतं. आजारी लेकरू औषध बघून तोंड फिरवतं गं. परमेश्वर अजून गावातच होता, घरी आल्यावर त्याला गाठलं. खाली मान घालून तो म्हणाला, "आक्का, समद्याच बाया देत्यात. पहाटं फडात जायच्या आधी. सर्दी असू न्हाईतर नसू. लेकरू झोपलं तरच कोयता चालतो."

मला तुझा इतका राग आला की तेव्हाच फोन करणार होते. मग त्यानंच पुढचं सांगितलं. हरिओम रांगायला लागला आणि एक दिवस उसाच्या ट्रॉलीच्या चाकाखाली जाऊन बसला. ड्रायव्हरनं सहज वाकून बघितलं म्हणून वाचला. का गं सांगितलं नाहीस मला? एवढं पोटात ठेवून डोक्यावर मोळ्या वाहत होतीस? चाकाच्या भीतीनं तू त्याला झोपवत होतीस, हे कळलं आणि मी न्हाणीत जाऊन रडले. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण आता नाही, सुकन्या. इतर बायांनाही सांग. वनमालाबाई फुगली तर फुगू दे.

काल अभिमन्यूचा फोन आला. रविवारी लेकरू न्यायला येतोय. म्हणाला, तुझं दूध दाटतं, तू रात्र रात्र बसून असतेस. मी सरळ सांगितलं, पट्टा पडेपर्यंत, हंगाम संपून तुम्ही सगळे गावाकडं परत येईपर्यंत, लेकरू देणार नाही. तो म्हणाला, "माझं लेकरू हाय, तुमी कोण?" खरंच आहे, मी कोण. तो दारात येऊन हात पुढं करील आणि हरिओम हसत त्याच्याकडं झेपावेल. मला अडवता येणार नाही. अभिमन्यूनं ऐकलं तर तुझंच ऐकेल. पेज भरवली तरी हरिओम अजून माझ्या पदरात तोंड खुपसून तुला शोधतो आणि चिडून रडतो. तुझ्याकडं काय मागतेय, ते मला कळतं. तरी रविवारच्या आत तूच नवऱ्याला सांग, की लेकरू आक्कापाशी राहू दे, मला नको.

तुझीच,
मनिषाआक्का