शुक्रवारचा मराठी तास

शुक्र. २५ ऑक्टो. १९६३, डिमोना, इस्राएल
इन्स्पेक्टरबाई शिवणवर्गाला येऊन गेल्या. माझं पाठटाचण आवडलं. एकच ताकीद: वर्गात फक्त हिब्रू. दोन भाषांत सांगत बसलं तर निम्मा तास जातो, आणि मोरोक्कोच्या मुली तोवर खिडकीबाहेर बघत बसतात. खरं आहे. म्हणून तर मी उन्हाळ्यातच सोय करून ठेवलीय. आठवडाभर हिब्रू, आणि शुक्रवारी वर्ग सुटल्यावर आपल्याकडच्या चौघी मराठी बायकांसाठी एक तास मराठीत. फार हुशारी केली असं वाटतंय.

चौघींत हिब्रूचा गंध नाही तो एकट्या लेआबाईंना. रेवदंड्याकडच्या, पंचेचाळिशीच्या. काही दिवस वर्गात, बाकीचे सरकारी रोजंदारीवर दगड वेचायला. गुडघे पार गेलेत. फेब्रुवारीत पास झाल्या तर कापडाच्या कारखान्यात बसून काम मिळेल. ‘बसून’ हे त्या दोनदा म्हणतात.

शुक्र. १५ नोव्हें.
घोळ झाला. मुंबईत बारा महिने दिवेलागण जवळजवळ एकाच वेळेला. त्याच हिशेबाने मी टाचण केलं. इथे हिवाळ्यात शब्बाथ भर दुपारीच दारात, की शनिवार मावळेपर्यंत सगळं काम बंद. शुक्रवार धुतलेल्या मांजरपाटासारखा आटत चाललाय. आज जेमतेम कॉलर झाली, बाही राहिली. लेआबाईंना म्हटलं, पुढच्या शुक्रवारी.

शुक्र. १३ डिसें.
हनुक्काचा सण. मराठी तास नाहीच. शिपाई किल्ल्या वाजवत उभा. बाकी तिघींना त्यांच्या मुली घरी समजावून सांगतात. लेआबाईंचा मुलगा सैन्यात, घरी कोणी नाही. पिशवीत कापलेली बाही घेऊन दारात थांबल्या होत्या. माझी कोंबडी शिजायची होती, पाणी तापवायचं होतं, ह्यांची कुरकूर वेगळीच. परत तेच म्हटलं, पुढच्या...
“चालंल बाई. तुमालाबी घर हाय.”
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्र. १७ जाने. १९६४
आजही नाही. वर्गात त्यांच्याकडे बघायचं टाळते. बुधवारी त्यांच्या बाहीला मुंढ्याशी, खांद्याच्या जोडावर, चुण्या पडत होत्या, मी बघितल्या. जवळ जाऊन हळूच दोन वाक्यं मराठीत सांगता आली असती. इन्स्पे.बाई काही रोज दाराशी उभ्या नसतात. पण टाचणाबाहेर जायचं नाही ही माझी मिजास. तास घड्याळाप्रमाणे संपला, फळा पुसला, घरी आले.

रवि. १६ फेब्रु.
परीक्षा. तिघी पास. लेआबाईंनी उजवी बाही डाव्या मुंढ्याला लावली. परीक्षकबाईंनी काही विचारलं ते त्यांना कळलं नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली. नंतर इन्स्पे.बाईंनी माझं अभिनंदन केलं, निकाल चांगला लागला म्हणून. मी ‘तोदा’ म्हटलं. आभार मानले! कशाचे, देव जाणे.

शनि. २२ फेब्रु.
शब्बाथ सुटला. नेहमीप्रमाणे शेजारची दोघं आली, ह्यांनी पत्ते काढले. पिसता पिसता एकदम डोक्यात आलं. शुक्रवार लवकर मावळतो तर शनिवारही लवकरच मावळतो की. हिवाळाभर शनिवारची अख्खी संध्याकाळ माझ्याकडे मोकळी होती. मशीन घरात. लेआबाई दोन गल्ल्या पलीकडे. आणि आम्ही रमी खेळत होतो.
‘सुचलं नाही’ असं लिहिणार होते. ते खोटं. सुचू दिलं नाही. लाज वाटते. पत्ते टाकून उठले, ह्यांना वाटलं डोकं दुखतंय.

सोम. २ मार्च
इन्स्पे.बाईंना फेरपरीक्षेचं विचारलं. पेसाहच्या सणानंतर बघू म्हणाल्या, शब्द देत नाही.
तशीच लेआबाईंकडे गेले. दगडांवरून नुकत्याच आल्या होत्या, गुडघ्याला गरम फडकं बांधलेलं. फेरपरीक्षेचं नक्की नाही हे सांगितलं. माझं चुकलं, हेही सांगितलं. दर शनिवारी शब्बाथ सुटल्यावर घरी या, मराठीत शिकवते म्हटलं. त्या तोवर चहा ठेवायला उठल्या, नको म्हटलं तरी. स्टोव्हकडे तोंड करूनच म्हणाल्या,
“मी येन, बाई. मी रिकामीच असते शनवारी. पन तुमाला टायम गावंल?”
मिळेल म्हटलं. त्या माझ्या कपात साखर घालत राहिल्या.