‘राइप’ कळलं!

धारूर, गुरुवार, दिवेलागण

आज ऊर भरून आलाय. चिनी लोकांना ऑनलाइन इंग्रजी शिकवायचं काम सूनबाईला हवं होतं, आणि त्याचा परीक्षेचा तास आज होता. आधीच बजावलं तिनं, "आबा, मधीच कविता म्हणू नका बरं का!" मी कशाला म्हणतोय? म्हणतो खरा.

शब्द आला ‘राइप’, म्हणजे पिकलेलं. तिनं अर्थ सांगितला, वाक्यं दिली. पडद्यावरची चिनी मुलगी नुसती मान हलवायची. सूनबाईचा चेहरा उतरला. मला राहवेना. कोपऱ्यातल्या फळांच्या पाटीतलं पिकून डोळे उघडलेलं सीताफळ उचललं, कॅमेऱ्यासमोर दाबलं. काय उललं ते! मग कच्चं दाबून दाखवलं, नुसता दगड. "राइप! नॉट राइप!" शाळेतल्या कवितेच्या चालीवरच म्हणालो. मुलगी हसली, चालीवर म्हणू लागली. पुन्हा ते उललेलं सीताफळ दाखवा म्हणाली. त्याकडे बघत इंग्रजीत स्वतःचं वाक्य बोलली, आजीच्या दारची फळं आता ‘राइप’ झाली असतील, आणि मी इतकी लांब.

सूनबाईनं माझा हात घट्ट धरला. काम मिळाल्याचा निरोप नंतर आला. आम्हाला तो त्या वाक्यातच मिळाला होता.