मिक्सरवरची टिकली

वलगाव,
१२ जानेवारी २०२५

ति. वर्षालीताईस,
दामिनीचा शि. सा. न.

टोपलीतली शेवंती भाऊजीच्या दुकानात देजो, अन् पन्नीतलं हे पत्र तू एकटीनंच वाच. फोन केला असता, पण बाबा बाजूलेच बसते, अन् फोन कानाले लावला की मायं तोंड बंद होते, तुले ठाऊकच हाये.

ताई, मले आमच्या ऑर्केस्ट्रावर संशय येऊन राहिला. परवा धामणगावले एका पोराचा वाढदिवस होता. तिसऱ्या गाण्यात माया पाय वायरीत अडकला अन् माया बेस गिटारचा जॅक निघाला. माया पायाजवळ एक लहान बॉक्स राहते, त्यातून मले मायाच गिटारचा आवाज येते. तो चूप झाला. पण बाहेरच्या मोठ्या बॉक्सातून बेस चालूच! धुम्, धुम्, एकदम बरोबर. मी तारेले हात बी लावला नव्हता. शेखरदादाकडे पाह्यलं, तर त्याचा डावा हात कीबोर्डाच्या खालच्या पट्ट्यायवर फिरून राहिला होता.

मंग मी वर्षभर काय करून राहिली तिथं?

तवापासून मी सगळ्यायवर नजर ठेवून हावो. ऑक्टोपॅडवर ताल देणाऱ्या देवरावकाकाले विचारलं तर ते झेंडूचा भाव विचारते. साउंडवाले इमादभाई मी जवळ गेली की हेडफोन लावते. अन् फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो मायाच. पोरगी गिटार घेऊन उभी दिसली की बुकिंग येते, म्हणून तर ठेवली नसंन मले?

शाळा सोडल्यावर मायं म्हणावं असं हे एकच हाये, ताई. टाळ्या वाजल्या की वाटे, त्यातल्या दोन-चार मायाही असतीन. हेही खोटं निघालं तर गिटार देऊन टाकीन अन् घरी हारच गुंफत बसीन. तू तर शेखरदादाच्या कॉलेजातली. तुले काय वाटते ते लिही.

शेवंती सुकायच्या आत उत्तर पाठव.
तुयी दामी

&nbsp;

अकोला,
१५ जानेवारी

चि. दामिनीस,
ताईचे अ. आ.

फुलं पोचली. दोन जुड्या दबल्या होत्या, बाबाले सांग, टोपली इतकी ठासून भरू नका. भाऊजीनं विचारलं पत्रात काय हाये, तर म्हटलं शेवंतीचा भाव. तोंड वाकडं करून गेले.

काय वं दामे, पोलीस झाली काय तू? मोठ्या बॉक्सचा आवाज मांडवात घुमते, मागून पुढून येते, त्याचा भास झाला असंन. शेखर साधा पोरगा हाये, तो तुले फसवणार नाई. देवरावकाकाले तर फुलाशिवाय दुसरं बोलताच येत नाई. तू नव्या तारा घे, पैसे मी देते. जाड्याच घेजो, हार गुंफून बोटं टणक झाले तुये. अन् इमादच्या मिक्सरपाशी जाऊन ती टिकलीवाली खुंटी खालवर करत बसू नको, त्याची सेटिंग बिघडते. गुमान वाजव.

जेवत जा. माया जीव तुयापाशीच असते.
ताई

&nbsp;

वलगाव,
२७ जानेवारी

ति. ताईस,
शि. सा. न. (राग आला तरी नमस्कार करतेच.)

कोणती टिकली, ताई? टिकलीचं मी तुले लिहिलंच नव्हतं. मले माहीतच नव्हतं.

काल मूर्तिजापूरले प्रोग्राम होता. इमादभाई चहाले गेले तशी मी मिक्सरपाशी गेली. आवाज खालवर करायच्या सगळ्या खुंट्यायले रंगीत टेप अन् टेपवर नावं, मायं सोडून. एकच खुंटी बिना टेपची, एकदम खाली ओढलेली. तिच्यावर मोरपंखी टिकली, मधात खडा. अमरावतीत अशी कोण लावते मले माहीत नाई. अकोल्यात कोण लावते ते माहीत हाये.

मंग मी एक गाणं मुद्दाम एकाच तारेवर वाजवलं. एकच सूर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. टाळ्या पडल्या. शेखरदादा म्हणाला, आज मस्त वाजवलं.

सामान भरताना इमादभाईले विचारलं. स्वतःच्या तोंडानं. त्यायनं हेडफोन काढला, खाली पाह्यलं अन् सांगितलं, पहिल्या प्रोग्रामले तुयी दीदी आली होती. कपाळावरची टिकली काढून तिनंच खुंटीले लावली. म्हणे ही खालीच ठेवा, पोरगी चुकली तर लोक हासतीन. शेखरदादालेही तूच म्हटलं, बेस तू डाव्या हातानं सांभाळ, तिले फक्त उभी राहू दे.

मी सगळ्यायवर संशय घेतला, तुयावर सोडून.

शाळेत वाचायले उभी राह्यली, आवाज फुटला नाई, सारा वर्ग हासला, हे मी फक्त तुलेच सांगितलं होतं. त्याचंच तू बटण केलं.

८ फेब्रुवारीले रामरावकाकाच्या पोरीचं रिसेप्शन हाये, तुयाच अकोल्यात. तू ये, अन् तुयाच हातानं ती टिकली काढ. नाई आली तर गिटार त्याच रात्री शेखरदादाले देऊन येईन.

वाट पाहते, हेच लिहिते. बाकी लिहवत नाई.
दामिनी

&nbsp;

अकोला,
१० फेब्रुवारी

चि. दामिनीस,
अ. आ. म्हणायचा हक्क राह्यला असंन तर.

मी आली होती. तुले दिसली नाई, मिक्सरच्या मागं होती. टिकली निघत नव्हती, नखानं खरवडली. इमादनं खुंटी वर केली, शेखरनं डावा हात खिशात घातला. पहिल्या गाण्याले तुया बेसनं टेबलावरचा स्टीलचा ग्लास आपोआप सरकून राहिला होता. माया बांगड्या वाजल्या, मी हात हलवला नसतानी.

दुसऱ्या गाण्यात तू तालाच्या पुढं निघून गेली, देवरावकाका मागंच राहिले. समोरचे दोन पोट्टे हासले. एकानं तर तुयी नक्कल केली. खोटं कावून बोलू, माया हात पुन्हा खुंटीवर गेला. इमादनं मनगट धरलं माया. मंग मले पाहवलं नाई, न भेटताच घरी आली. सासूबाईनं विचारलं, डोळे कावून लाल, तर म्हटलं, मांडवात धूर होता.

तुले दिसले का वं ते पोट्टे? खरं सांग. झोप लागली का तुले?

रागाव, पण लिहीत राय.
ताई

&nbsp;

वलगाव,
१३ फेब्रुवारी

ति. ताईस,
शि. सा. न.

दिसले. एकाचा शर्ट लाल होता. मले वाटलं, आता हात थांबंन. थांबला नाई. देवरावकाकायनं डोळ्यानं खुणावलं, मी दोन ठोके सोडले, मंग त्यायच्यासंगं लागली. शेवटपर्यंत वाजवलं. तू दिसली नाई, पण मोठ्या बॉक्सातून मायाच बेस आला तवाच समजलं, टिकली निघाली.

गाडीत येतानी विचार करत होती, ते काहून हासले. वर्षभर मी कितीकदा चुकली असंन, कोणीच हासलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यायले माया बेस ऐकू गेला.

रात्री झोप लागली नाई, पण शाळेतल्या हासण्यानं उडाली होती तशी नाई. वेगळीच.

नव्या तारायचे पैसे पाठवजो, तू कबूल केलं होतं. भाऊजीले सांग, भाव वाढला. अन् पुढचा प्रोग्राम आपल्या वलगावातच हाये, बाबाही येणार. तू समोर बस, मिक्सरपाशी नाई.

टिकली आता कपाळावरच लाव, तुले तिथंच शोभते.

तुयीच,
दामी