घडीखालच्या ओळी

कराड,
१८ मार्च २०२५

ती. दादास,

क्रांतीचा नमस्कार. वहिनीलाही सांग. गुडघ्याला तेल लावतोस का नुसतं कपाटात ठेवलंयस? इथं आत्ताच ऊन मी म्हणतंय. माझी साखर ताब्यात आहे, डोळा नाही. यात्रा झाली की डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेईन म्हणते.

फोन सोडून पत्र कुठलं काढलं, म्हणून हसशील. पण तुला फोनवर अर्धं ऐकू येत नाही, मग वहिनी स्पीकर लावते आणि आपलं बोलणं गोठ्यातल्या म्हशींनाही कळतं. हे बोलणं म्हशींनी ऐकण्यासारखं नाही. तुझ्या एकट्यासाठी आहे.

शनिवारी लालासाहेब कागदांचा रुमाल घेऊन आला. सुभेदार झाला, निवृत्त झाला, तरी दारात अजून सावधानमध्येच उभा राहतो. म्हणाला, "आत्ती, बाबांनी दिलंय. फुडल्या रविवारी साताऱ्याचं मोडीवालं सर येणार हायती. त्यांच्या आदी कागुद नीट लावून द्या म्हणालं." त्याला शिरा केला. दोन वाट्या खाल्ला. जाताना त्यानं रुमालाला हात लावून कपाळाला लावला, आणि मला त्याच्याकडं बघवेना.

संध्याकाळी तुझा फोन. किती खुशीत होतास! "क्रांते, आता बघ गंमत. चावडीत सगळ्यांम्होरं कागुद वाचायचा. नानासोचं त्वांड कसं बंद हुतंय बघ." मी हो हो म्हणत राहिले. दुसरं काय म्हणणार होते?

दादा, आधी माझी चूक. तू ती कधी चूक मानलीच नाहीस, म्हणून पुन्हा लिहिते. शाळेतनं निवृत्त झाल्यापासून मी त्या तिमाजीच्या कादंबऱ्या लिहितेय. आदिलशाही ठाण्यातला कारकून, जुने कागद वाचून खुनी शोधणारा. चार कादंबऱ्या झाल्या, चार खून झाले, कुणाचं काही बिघडलं नाही. पाचवीसाठी मला तुमच्या घरचा महजर आठवला. गोतसभेनं निवाडा करून खाली सगळ्यांच्या निशाण्या घातलेला तो कागद. पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, न्हाव्याचा आरसा. लहानपणी त्या निशाण्यांवर बोट फिरवताना मला अख्खं गाव कागदावर बसल्यासारखं वाटायचं.

गावाचं नाव बदललं. माणसांची नावं बदलली. नदी बदलली, देवीसुद्धा बदलली. पण डावा हात बदलला नाही. पालखी टेकायला पहिलं घोंगडं तुमच्या घरानं अंथरायचं आणि तेही डाव्या हातानं, हे मला इतकं आवडायचं की ते सोडवेना. लिहिणाऱ्याचा हावरटपणा म्हण. सातारा-सांगलीत दुसऱ्या कुठल्या गावात घोंगडं डाव्या हातानं अंथरतात, सांग बरं? पहिली प्रत गावात पोचली त्याच दिवशी सगळ्यांनी ओळखलं. त्यात मुखपृष्ठावर आपल्याच कागदाच्या वरच्या अर्ध्याचा फोटो. ती हौसही माझीच.

कादंबरीत डाव्या हातानं घोंगडं अंथरणाऱ्या घराचा मूळपुरुष खुनी निघतो. चुलतभावाला आडात ढकलून त्यानं मान घेतलेला असतो. मग नानासोची भावकी गप्प कशी बसेल? साडेतीनशे वर्षं ते त्या मानासाठी टपलेत. ते पुस्तक घेऊनच चावडीत आले. "छापलंय की हितं! रगताचा मान हाय ह्यो. औंदा आमी घोंगडं टाकणार."

माघात मी आले, चावडीत उभी राहिले. सांगितलं, हे सगळं मनचं आहे, कागदात खुनी सापडला नाही असंच लिहिलंय. तर ते हसले. नानासो म्हणाला, "बाई, भावाला वाचवाय बोलतायसा. आवं, पण बुकात तर खरं लिवून बसलाय न्हवं का." मागं बसलेल्या बाया पदराआड हसत होत्या. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, पण अशी शरमले नव्हते.

आणि तू बाहेर येऊन माझ्याच पाठीवर हात ठेवलास. "जाऊ दे गं. गोष्टच हाय ती. आपला कागुद आपल्यापाशी हाय."

दादा, शरमले ते त्यांच्या हसण्यानं नव्हे. मी चावडीत खोटं बोलले होते.

आता नीट बसून वाच. चष्मा लाव.

मला मोडी तुझ्या वडिलांनी, माझ्या मामांनी शिकवली, हे तुला माहीत आहे. तुला रानातनं सवड नव्हती, आणि मी सुट्टीला आले की सोप्यात त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची. मामा तो महजर वाचून दाखवायचे तेव्हा कागद खालून चार बोटं दुमडून धरायचे आणि घडीवर अंगठा ठेवायचे. मानकरी रखमाजी आडात मेलेला सापडला, गोत बसलं, त्याच्या चुलतभावावर, तुमच्या मूळपुरुष सुभानजीवर आळ आला, इथपर्यंत वाचायचे. मग म्हणायचे, "फुडं काय न्हाई. उंदरानं खाल्लं." आणि लगेच ती आपली नेहमीची गोष्ट सांगायचे. पालखीला आग लागली, सुभानजीनं जळती पालखी बाहेर काढली, उजवा हात करपला, तवापासनं आपल्या घरात घोंगडं डाव्या हातानं. तू ती गोष्ट लालासाहेबला सांगितलीस. तो फौजेत जाताना तुझा उजवा हात डोक्यावर घेऊन गेला आणि म्हणाला, सुभानजीबाबांचं नाव राखीन. मी तिथंच होते.

अकरावीच्या सुट्टीत मामा इस्लामपूरला बाजाराला गेले असताना मी ती घडी उलगडली. उंदरानं काही खाल्लं नव्हतं. चार ओळी होत्या आणि त्यांच्याखाली निशाण्या. तिसरी ओळ मला आजही तोंडपाठ आहे. "सुभानजीने रवा काढितां हात भाजला. खोटा जाहला." उकळत्या तेलातनं रवा, म्हणजे धातूचा तुकडा, हातानं काढायचा. हात भाजला तर माणूस खोटा, म्हणजे गुन्हेगार. असं दिव्य. मग पुढं, सुभानजी गाव सोडून गेला, रखमाजीला पोर नव्हतं म्हणून मान सुभानजीच्या लेकाला दिला, पण त्यानं उजव्या हातानं देवाचं काही करायचं नाही.

दादा, तो हात आगीत करपलेला नव्हता.

मामा आले आणि मला तसं बसलेलं बघितलं. रागावले नाहीत. कागद घेतला, घडी घातली, खाली बसले. तुझं नाव घेऊन म्हणाले, "आकारामला सांगू नगंस. त्येचा लय जीव हाय त्या हातावर." मी देवीची शपथ घेतली. पन्नास वर्षं पाळली. आणि मग कादंबरीला शेवट सुचेना तेव्हा नावं बदलून मोडली. मला वाटलं, नावं बदलली की शपथ मोडत नाही. एवढी मी हुशार!

तेव्हा आता बघ. खरं सांगितलं ते गोष्ट म्हणून. ती लोकांनी खरी मानली. खोटं सांगितलं ते खरं म्हणून. ते कुणी मानलं नाही. आणि रविवारी साताऱ्याचे सर सगळ्या गावासमोर ती घडी उलगडणार. मी त्यांना काय सांगू? कुठल्या तोंडानं? ते मोठ्यानं वाचतील, चष्मा पुसतील आणि पुन्हा वाचतील.

आज दुपारी मी कात्री घेतली होती. खोटं कशाला बोलू? चार बोटं कागद, उंदरानं खाल्ला म्हटलं की झालं. मामांनी म्हटलेलंच होतं. घडीवर कात्री ठेवली. पण त्या निशाण्यांनी अडवलं. नांगर, किंकरं, आरसा. एवढी माणसं खाली बसलीत आणि त्यांच्या तोंडावरनं कात्री कशी फिरवू? ठेवून दिली. आता वाटतं, फिरवली असती तर निदान तुझी यात्रा नीट पार पडली असती. काय बरोबर ते मला कळत नाही रे. खरंच कळत नाही.

उद्या लालासाहेब रुमाल न्यायला येईल. हे पत्र मी महजराच्या घडीत ठेवतेय, मामा अंगठा ठेवायचे तिथंच. सरांच्या आधी तू उघडशील, कारण कागदांना आधी तूच हात लावतोस. पुढं काय करायचं ते तू ठरव. सरांना येऊ नका म्हण, किंवा येऊ दे. घडी तशीच ठेव किंवा उलगड. मी चावडीत येऊन तुझ्याशेजारी उभी राहीन. शिव्या खाईन. त्यापलीकडं माझ्या हातात काही उरलं नाही.

एकच सांगायचंय. काल रात्रीच्या भाताला फोडणी देताना बोटावर तेल उडालं. टरारून फोड आला. तिथंच गॅस बंद करून खाली बसले. आडाच्या काठावर खुनाच्या वेळी कुणीच नव्हतं, कागदात तसा साक्षीदारच नाही. फक्त तेल आहे. पाच कादंबऱ्या लिहिल्या, तिमाजीच्या तोंडी एवढी अक्कल घातली, आणि एवढं साधं त्याला एकदाही बोलू दिलं नाही. मला खुनी हवा होता, मी तो घेऊन टाकला.

सुभानजीनं केलं की नाही, मला माहीत नाही. कुणालाच कधी कळणार नाही. चावडीत हे कुणी ऐकणार नाही. पण तू तरी ऐक, दादा. उकळत्या तेलात हात घातला तर कुणाचाही भाजतो.

तुझ्या घरात मोडी शिकलेली, आणि तुझ्याच घरावर ती चालवलेली,
क्रांती