हेल्मेटची मालकी

मी, वेंग ल्यानफांग, वय ६८, व्यवसाय रोगणकाम व शिल्पे, राहणार फूचौ, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली नसून, राजीखुशीने हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे हे डॉक्टरांकडून तपासून घेतले आहे. नंतर कोणी गळा काढू नये.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी छाओ यिमेई हिची.

२. ब्रश, सुऱ्या व रोगण सुकवायचे ओलसर कपाट (आमचे रोगण ओलाव्यातच सुकते) शेजारीण गुईच्यू हिला द्यावे. आम्ही एकत्र शिकलो. तिचा हात माझ्याहून साफ आहे, पण तोंडावर मी हे कधी कबूल केले नाही.

३. कलादालनाचे मालक मिआओ यांना काहीही देऊ नये. सासऱ्यांच्या थर्मासवर मी तागाचे कापड चढवून झाडाच्या चिकाचे रोगण दिले. ते सुकले त्याच आठवड्यात सासरे गेले. मग नवऱ्याचा जेवणाचा डबा घेतला. तो आजारी पडताच काम अर्धवट टाकले, तरी तो गेलाच. पहिला थर बसला की ती वस्तू ज्याच्या मालकीची, त्याची सुटका नाही, हे तेव्हा कळले. मिआओ मात्र म्हणाले, "बाई, घरातल्या आणखी कोणाची तरी वस्तू घ्या. लोक पुढच्या शिल्पाची वाट बघतायत." काळीज आहे की दगड?

४. मी नकार दिला. हात दुखतात म्हणून नको म्हणते, असे यिमेईला वाटले. मला खूश करायला तिने स्वतःच्या स्कूटरच्या हेल्मेटवर कापड चढवले, वर रोगणही दिले. मी रडले, ओरडले. ती म्हणाली, "आई, आजोबा नव्वदीचे होते, बाबांना कॅन्सर होता. रोगणानं माणसं मरत असती तर तू उरली असतीस का?"

मी घासून पाहिले, निघत नाही. कालपासून तिला खोकला आहे.

५. म्हणून आज दोन्ही साक्षीदारांना माशाच्या गोळ्यांचे सार जेवायला बोलावले आणि त्यांच्यासमोर तिच्याकडे ते हेल्मेट मागितले. ती हसत म्हणाली, "घे की. आजपासून तुझंच." हे दोघांनी ऐकले आहे. हेल्मेट आता माझ्या मालकीचे आहे, यिमेईचा त्याच्याशी काही संबंध नाही. बाकी कलमे इकडची तिकडे झाली तरी चालतील, हे होऊ नये.

शेवटचा थर मी उद्या सकाळी देणार आहे.

सही: वेंग ल्यानफांग
साक्षीदार: १. डॉ. तांग बोवेन २. लो यूहान, शिंपी
ठिकाण: फूचौ
दिनांक: ७ जून २०२३